बिनफॉलची साडी

धुळ्यात आमच्या घरमालकांकडे नवा माणूस आला की त्याला वाटायचं, हे घर सोडून निघालेत. पुढच्या खोलीत एक लोखंडी खाट, दोन प्लॅस्टिकच्या खुर्च्या आणि एक कॅलेंडर. मागे गॅस, माठ आणि मोजकी भांडी. भिंतीतलं फडताळ सताड उघडं असायचं आणि त्यात काही म्हणजे काही नसायचं. भाड्याची खोली बघायला गेलो तेव्हा मीही विचारलं होतं, "तुम्ही दुसरीकडे राहायला जाताय का?"

"नाही," ते म्हणाले. "मला पसारा चालत नाही."

मग त्यांनी शेजारच्या, म्हणजे मला मिळणाऱ्या खोलीचं कुलूप काढलं. खाटेखाली खोकी. माळ्यावर खोकी. कपाटाचा खालचा कप्पा सुतळीने बांधून टाकलेला. "हे इथंच राहील. तुमच्याकडे जेवायला मागणार नाही," असं म्हणत त्यांनी किल्ली माझ्या हातात दिली, आणि मी तोंड उघडेपर्यंत ते गल्लीच्या टोकाला पोचलेसुद्धा होते. मी नशिराबादचा, नोकरी पहिली, सरकारी कार्यालयातला नवा कारकून. घरमालकाशी वाद घालायची अक्कल अजून आली नव्हती.

त्यांना सगळी गल्ली नाना म्हणायची. आयुष्यभर एसटीत कंट्रोलर होते. नोकरी सुटली, पण अंगातलं स्टँड सुटलं नव्हतं. बसणं हा प्रकार त्यांना माहीतच नव्हता. चहा उभ्याने, पेपर उभ्याने, जेवतानाही मधेच उठून दारापर्यंत जाऊन यायचे. माझ्याशी बोलताना एक हात चौकटीला आणि नजर रस्त्यावर. त्यांच्याशी पाच मिनिटं बोललं की मलाच आपली गाडी चुकते आहे असं वाटायला लागायचं. माझी आजची ही चुळबुळ, जेवता जेवता मोबाइलमध्ये वेळ बघायची खोड, ती मी त्यांच्याकडूनच उचलली आहे असं माझी बायको म्हणते. तिने नानांना पाहिलेलं नाही, पण तिचं म्हणणं खरं आहे.

ती खोकी म्हणजे भेटवस्तू होत्या. नाना भेटी आधी घेऊन ठेवत. आधी म्हणजे आठवडाभर आधी नव्हे. पोरगी शाळेत असताना तिच्या लग्नाचा आहेर, प्लॉट बघणं चालू असताना वास्तुशांतीची भेट. बाजारात गेले की त्यांचे डोळे दुसऱ्याच्याच कार्याकडे. "वेळेवर घेतलेली वस्तू घाईची असते," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. "आणि घाईची वस्तू घेणाऱ्याला कळते. तोंडाने बोलत नाही तो, पण कळते."

त्यांचे नियम कडक होते. मापाचं काही घ्यायचं नाही, कारण पोरं मापात राहत नाहीत. काचेचं नाही. देवाचे फोटो नाहीत, कारण घरात आधीच असतात आणि टाकता येत नाहीत. आणि सगळ्यात मोठा नियम, वस्तू आपल्या घरात ठेवायची नाही. ज्याची असेल त्याच्याच घरात ठेवायची, फक्त त्याला सांगायचं नाही.

हा नियम मला कळला तो आमच्या गल्लीतल्या शिंप्यामुळे. त्याच्या दुकानात पंख्याखाली एक मोठं खोकं होतं. नानांनी बऱ्याच वर्षांपूर्वी ठेवायला दिलेलं. "माझ्याकडे जागा नाही रे," असं सांगून. ज्यांच्या घरात पोरांनी कबड्डी खेळावी एवढी जागा, त्यांच्या तोंडी हे वाक्य. शिंपी बिचारा सरळ माणूस, त्याने ठेवून घेतलं. त्याच्या मुलीचं लग्न ठरलं, हळदीच्या दिवशी नाना दुकानात गेले, खोकं मागितलं, रुमालाने पुसलं, वरून रंगीत कागद लावला आणि जिथून उचललं तिथेच त्याच्या हातात दिलं. आत स्टीलचा पूर्ण डिनर सेट. शिंपी खोक्याकडे बघतच राहिला.

"नाना, मी यावर पाय देऊन पंखा पुसत होतो," तो म्हणाला.

"म्हणून तर सांगितलं नाही," नाना म्हणाले. "सांगितलं असतं तर पंखा पुसायचा राहिला असता."

त्या दिवसापासून मी माझ्या खोलीतल्या खोक्यांकडे वेगळ्या नजरेने बघायला लागलो. आधीची खोकी एकेक करून ज्याच्या त्याच्या घरी गेली, पण मी राहायला आल्यावर माळ्यावर ठेवलेल्या एका खोक्यातून दर तासाला कोकिळा ओरडायची. नानांनी भिंतीवरचं घड्याळ घेतलं होतं, चालतं का बघायला सेल घातला होता आणि काढायला विसरले होते. सेल काढा म्हटलं तर म्हणाले, "चालू घड्याळ बंद करू नये, साहेब." मी साहेब नव्हतो, पण त्यांना कारकून म्हणायला जीभ रेटत नसावी. हिशोबाने ते घड्याळ माझ्या पुढच्या घराचं होतं. माझं घर नव्हतं, लग्न नव्हतं, बदली कुठे होईल माहीत नव्हतं, पण भिंतीवरचं घड्याळ तयार होतं आणि मला तासातासाला आठवण करून देत होतं.

राहिला सुतळीने बांधलेला कप्पा. त्यात काय असेल याचा मी फार विचार केला नाही. माझ्या होणाऱ्या बायकोचं काहीतरी असणार, असं मनाशी धरून चाललो आणि एकदोनदा आरशात बघून हसलोही.

तो कप्पा माझ्या आईने उघडला. ती नशिराबादहून दोन दिवस आली होती. मुलाच्या खोलीत गाठ मारलेलं कपाट दिसल्यावर कुठली आई स्वस्थ बसेल? आत खपटाच्या डब्यात हिरवीगार साडी, जरीचा काठ, सोबत खण, हिरव्या बांगड्या, कुंकवाची डबी. आई खूश झाली. साडी मांडीवर पसरून तिने काठ उलटा करून पाहिला.

"नाना, साडी झाक आहे हो," दारात उभ्या असलेल्या नानांना ती म्हणाली. "पण घेऊन ठेवली तर फॉल-पिको करून ठेवायचं ना. सुनेला वेळेवर धावाधाव."

नानांनी साडी तिच्या हातातून घेतली. घडीवर घडी बसवली. "तिला फॉल लागत नाही," ते म्हणाले आणि कप्प्याला पुन्हा सुतळी बांधली.

आईचा चेहरा उतरला. मला काही कळलं नव्हतं, तिला कळलं होतं. नाना गेल्यावर ती म्हणाली, "हे सुनेचं नाही. हे कोण्या बाईच्या अंगावर घालायचं आहे. शेवटचं." मग खाटेवरून उठून उभीच राहिली. "आणि ते तुझ्या कपाटात ठेवू रायले? काय माणूस आहे का काय आहे हा?"

आमच्याकडे बाई गेली की तिला शेवटची साडी माहेरची लागते. सासरी कपाटं भरलेली असोत, माहेराहून भाऊ साडी घेऊन येईपर्यंत तिला उचलत नाहीत. हे सगळ्यांना माहीत असतं. पण जित्या बाईची ती साडी कोणी आधी घेऊन ठेवत नाही. ते बोलतही नाहीत. आई त्या दिवशी संध्याकाळच्याच गाडीने परत गेली, आणि जाताना मला बजावून गेली की ती साडी खोलीत असेपर्यंत आपण पुन्हा पाऊल टाकणार नाही.

मी नानांना गाठलं. ते पांझरेच्या पुलाकडे निघाले होते. मी बरोबर चालायला लागलो, कारण त्यांना थांबवणं शक्य नव्हतं. साडी कोणाची, असं सरळच विचारलं.

"बहिणीची," ते म्हणाले. "दोंडाईच्याला दिली आहे. मोठी आहे माझ्याहून."

"आजारी आहेत का?"

"नाही. चांगली आहे."

"मग नाना, जिवंत माणसाची अशी साडी..."

"जिवंत आहे तोवर ती माझ्या हातून काही घेत नाही, साहेब," नाना म्हणाले. "मेल्यावर नाही म्हणता येत नाही."

पुढचं त्यांनी चालता चालता सांगितलं, अर्धं माझ्याकडे न बघता. बहिणीच्या मोठ्या मुलाचं लग्न होतं. मामाचा आहेर म्हणजे मांडवातली मानाची गोष्ट. सीझनचे दिवस, नानांची ड्यूटी संपता संपेना, त्यांची बायको, नानी, तापाने अंथरुणावर. लग्नाच्या दिवशी सकाळी नानांनी घरातल्या पेटीतून एक कोरी साडी उचलली आणि थेट स्टँडवर जाऊन गाडी पकडली. यात वावगं काही नव्हतं. आहेराची साडी आमच्याकडे कोणी नेसायला घेत नाही. ती हिच्याकडून तिच्याकडे, तिच्याकडून तिसरीकडे, घडी न मोडता जिल्हाभर फिरते. कोणाला राग येत नाही, कारण सगळ्यांच्याच पेट्या तशा भरलेल्या असतात.

मांडवात माइकवर मामाचा आहेर पुकारला. बहिणीने साडी हातात घेतली, आणि तिचा अंगठा काठावर थांबला. खाली फॉल लावलेला होता, हाताने. टाके तिचेच होते. नानांनी नवं घर बांधलं तेव्हा तिने ती साडी नानींना दिली होती, नेसायला तयार करून. नुसती साडी पेटीत जाते, फॉल लावलेली अंगावर येते, असं तिचं मत होतं. शेजारच्या बाईनेही ओळखली. "अव, ही तर तूच देयेल शे ना?" ती म्हणाली, आणि बायकांची सगळी रांग हसली.

"बाकीच्यांच्या साड्या गावभर फिरतात," नाना म्हणाले. "माझी घरी गेली."

त्यानंतर बहिणीने राखीला बोलावलं नाही. नानांनी टपालाने साडी पाठवली, परत आली. भाच्याच्या हाती पाठवली, तीही परत आली. त्या वर्षापासून नानांनी घरात पेटी ठेवली नाही. आलेला आहेर त्याच दिवशी वाटून टाकायचा आणि द्यायचा तो नवा, आधी घेतलेला, त्या माणसासाठीच घेतलेला. लोक त्याला हौस म्हणत. मला त्या पुलावर कळलं की तो धसका होता.

"पण ही साडी आत्ताच कशाला?" मी विचारलं.

"नानी गेली तेव्हा सगळं बंद होतं," ते म्हणाले. "दुकानं बंद, रस्ते बंद. तिचा भाऊ चाळीसगावहून निघाला होता, त्याला नाक्यावरून परत पाठवला. ती तशीच गेली, माहेरची साडी नाही. त्यानंतर पहिलं दुकान उघडलं तेव्हा मी अक्काची साडी घेतली." मग थोडं पुढे जाऊन म्हणाले, "ज्याची वस्तू त्याच्या घरी, हा माझा नियम. ही एकच अशी आहे, जिला ठेवायला तिचं घर नाही."

मला त्यांचा राग आला होता आणि वाईटही वाटत होतं, आणि दोन्ही एकाच वेळी कसं सांभाळायचं ते कळत नव्हतं. ते दोंडाईच्याला का जात नाहीत असं विचारायला हवं होतं, पण तेवढ्यात ते वळले आणि परत घराकडे निघाले. फोन घरी राहिला होता. त्या फोनच्या भीतीने ते कधी बसत नव्हते, हे मग माझ्या ध्यानात आलं. दोंडाईच्याहून फोन येईल आणि आपण उठेपर्यंत उशीर होईल, एवढीच ती गोष्ट होती. माझीही तेव्हापासून झोप पातळ झाली. त्या कप्प्याकडे पाठ करून झोपलो की वाटायचं, आपण कोणाच्या तरी मरणाची वाट बघत पडलो आहोत.

खानदेशात बातमीला बस लागत नाही. माझ्या आईने ही गोष्ट भुसावळच्या एका लग्नात मावसबहिणीला सांगितली. मावसबहिणीची नणंद दोंडाईच्याची. पुढे काय झालं असेल ते सांगायला नको.

आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आधीची दुपार होती. आखाजीला आमच्याकडे लेकी माहेरी येतात, गल्लीत झोके बांधायचं चाललं होतं. दारापुढे रिक्षा थांबली. उतरली एक उंच, सावळी, पांढऱ्या केसांची बाई, कपाळावर मोठं कुंकू, हातात नुसती कापडी पिशवी. नाना नेहमीसारखे चौकटीत उभे होते. त्यांचा हात चौकटीवरून खाली आला.

"अक्का," ते म्हणाले.

"कोठे शे ती साडी?" अक्कांनी विचारलं. "दखाड."

"पाणी तर पी."

"पाणी मंग. पहिले साडी."

नानांनी माझ्याकडे पाहिलं. मी कप्प्याची सुतळी सोडली, डबा आणून दिला. अक्का खुर्चीवर बसल्या, साडी मांडीवर घेतली. गल्लीतली माणसं आपापल्या दारात आली होती आणि काहीतरी काम असल्यासारखं करत होती. आता ही बाई साडी भिरकावणार, नाहीतर रडणार, असं मला वाटलं. अक्कांनी पोत चोळून पाहिला, पदर उलगडला, मग काठावर अंगठा फिरवत शेवटापर्यंत नेला.

"पोत बरा शे," त्या म्हणाल्या. "फॉल का बरं नही लावा?"

नानांनी नजर रस्त्याकडे वळवली.

"मी जिती शे, भाऊ. चालस, फिरस. बिनफॉलनी साडी पेटीमा जास, तुले माहीत शे ना? जा. फॉल लावी लई ये."

नाना हलले नाहीत. बहुधा उभ्या आयुष्यात पहिल्यांदाच. मीच साडी घेऊन शिंप्याकडे धावलो. त्याने हातातलं काम बाजूला टाकलं, एक अक्षर विचारलं नाही. परत आलो तोवर अक्कांचं पाणी झालं होतं, चहा झाला होता, आणि त्या घरभर नजर फिरवत होत्या.

"बठ्ठं घर लोकेसना घरमा ठेयेल शे का?" त्या विचारत होत्या. "घर शे का एसटीनं स्टँड?"

नानांना हसू आलं आणि ते अर्धवट राहिलं. "अक्का, त्या लग्नाच्या दिवशी नानी आजारी होती. मला वेळच..."

"तुले येळ नव्हता, ते माहीत शे माले," अक्का म्हणाल्या. "साडीनं काय ते. लोके हसनात, हसू दे. पन तू परत ऊना नही, भाऊ. साड्या धाडत रह्यना. मी साडीनी वाट नव्हती देखत."

नाना दुसऱ्या खुर्चीवर बसले. मी त्यांना बसलेलं पहिल्यांदा पाहिलं ते तेव्हा. दोन्ही हात गुडघ्यांवर, मान खाली, परीक्षेत नापास झालेल्या पोरासारखे. मला तिथे थांबवेना आणि निघवेना.

अक्का मागच्या खोलीत जाऊन हिरवी साडी नेसून आल्या, बांगड्यांसकट. अंगावरची जुनी पिशवीत घातली. नानांनी वाकून नमस्कार केला. अक्कांनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला आणि बराच वेळ तसाच राहू दिला.

"मरावर मी काय देखसु?" त्या म्हणाल्या. "जे देनं शे ते आतेच दे." आणि रिक्षात बसता बसता, "आते दुसरी लेवानी. फॉलवाली."

नानांनी दुसरी घेतली. फॉल लावून माझ्या कपाटात ठेवली आणि पुढच्या आखाजीला स्वतः दोंडाईच्याला घेऊन गेले. अक्कांनी ती लगेच नेसली. मग तिसरी. नानांचं म्हणणं असं पडलं की एक साडी कायम तयार पाहिजे, आणि अक्कांचं म्हणणं असं की तयार साडी दिसली की नेसून टाकायची. त्यामुळे शेवटची साडी म्हणून काही शिल्लक राहतच नव्हती. नाना कुरकुर करायचे, पण दोंडाईच्याहून आले की दोन दिवस खुर्चीवर बसायचे.

माझं लग्न ठरलं, जळगावला बदली झाली. निघताना नानांनी माळ्यावरून घड्याळाचं खोकं काढून माझ्या हातात दिलं. आतली कोकिळा अजून ओरडत होती. आज ती आमच्या भिंतीवर आहे.

नाना गेल्या दिवाळीच्या आधी गेले. झोपेत नाही, आजारात नाही, बाजारातून येताना, उभ्या उभ्या. त्यांचा मुलगा पुण्याहून आला, त्याला घर आवरायला अर्धा तास लागला नाही. आवरण्यासारखं काही नव्हतंच. पण अजूनही धुळ्याहून फोन येतात. कोणाच्या घरी बारसं असतं, कोणी नवं घर घेतलेलं असतं, आणि त्यांना आठवतं की नानांनी ठेवायला दिलेलं एक खोकं आपल्या माळ्यावर आहे.

या वर्षी आखाजीच्या तोंडावर मला दोंडाईच्याहून फोन आला. अक्का होत्या. आधी बायकोची चौकशी केली, मग माझ्या आईची.

"भाऊ," त्या म्हणाल्या, "तुना कपाटमा मनी साडी शे का?"

नव्हती. शेवटची त्यांनी गेल्या आखाजीला नेसली होती, आणि पुढची घ्यायच्या आधी नाना गेले. मी म्हणालो, "नाही, अक्का."

"नही ना," त्या म्हणाल्या. "मी आपलं इचारं. आते माहेर कोठे शे मनं?"

फोन ठेवल्यावर मला घरात बसवेना. मी पायात चपला घातल्या आणि तडक बाजारात गेलो. दुकानदाराने गादीवर साड्या पसरल्या. मी हिरवी निवडली, पोत चोळून पाहिला, पदर उलगडला, नानांनी पाहिला असता तसा.

"कोणासाठी आहे, भाऊ?" त्याने घडी घालता घालता विचारलं.

"बहिणीसाठी."

"फॉल-पिको करून देऊ? उद्या मिळेल."

"आजच करून द्या," मी म्हणालो. "ठेवायची नाहीये. दोंडाईच्याला जायचंय."